सोमवारची पाहुणी

अमिषाला स्वस्थ बसता येत नाही. नागावात हे कुणी बोलूनही दाखवत नाही, कारण तिची आई सगुणा तशीच आणि सगुणाची सासूही तशीच होती. पण जर्मनीत, ब्रेमेनला सांडपाणी शुद्ध कसं करायचं ते शिकायला गेलेल्या या पोरीच्या खोडीने तिच्या मित्रमंडळींना पार जेरीस आणलं.

खोडीला कारण होतं. नागावला त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे, आणि वाडीत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या वळायला लागल्या की घरातलं माणूस न् माणूस कामाला जुंपलं जायचं. पोरगी आधी टॉवेल पोचवायला लागली आणि मग चालायला शिकली, असं तिचे वडील मोरूभाऊ अजून कौतुकाने सांगतात. गर्दीच्या दिवसांत घरच्यांची खोलीसुद्धा पाहुण्यांना जायची आणि घरचे पडवीत पथारी पसरायचे. सुरमईच्या मधल्या तुकड्या पाहुण्यांच्या, डोकं आणि शेपूट घरच्यांचं. त्यात कुणाला दुःख नव्हतं. सुरमईला शेपटीकडेच खरी चव असते, असं अमिषाला बरीच वर्षं मनापासून वाटत होतं.

ती परदेशी निघाली तेव्हा नातेवाइकांनी अत्तरापासून चॉकलेटपर्यंत काय काय मागितलं. सगुणाने मागितलं ते वेगळंच. गाडीत बॅगा चढल्यावर ती लेकीच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "शिकशील तं तू शिकशीलच. पन तिकडं एकदा तरी कुनाची पावनी हो. आन् कसं वाटतं ते मला येऊन सांग."

"पावनी होन्यात काय एवढं, आये?"

"तेच तं मला ठाव न्हाय."

अमिषाला गाडी वडखळला पोचेपर्यंत हसू येत होतं. पुढे ते येईनासं झालं. तिने आठवून पाहिलं. आईचं माहेर किहीमला, पण तिथे पोचल्या पोचल्या वहिनी तिच्या हातात नारळ आणि खोवणी द्यायची. लग्नकार्यात ती नेहमी भाजी चिरणाऱ्यांच्या घोळक्यात. मे महिना, दिवाळी, नाताळ, म्हणजे जग सुट्टीवर जातं तेव्हा नागावला श्वास घ्यायला फुरसत नसते. दुसऱ्या कुणी घातलेल्या अंथरुणावर आई कधी झोपलीच नव्हती. आता हे काम आपल्यालाच करायचंय, असं अमिषाने विमानात बसण्याआधी ठरवून टाकलं. पाहुणी होऊन दाखवायचं आणि आईला सांगायचं. त्यात अवघड ते काय?

अवघड आहे हे प्रागमध्ये कळलं. तिथे ती दोन दोस्तांबरोबर गेली होती. एक मुरुडचा हुझैफा. घरापासून दीड-दोन तासांवरचा हा मुलगा तिला भेटायला मात्र ब्रेमेनच गाठावं लागलं. दुसरी मागदा, पोलंडची, उंच, शांत आणि कुठल्याही गोष्टीवर उशिरा पण पोट धरून हसणारी. हॉस्टेलमधल्या मोठ्या खोलीत सकाळी सगळे घोरत असताना अमिषा उठली आणि तिने अख्ख्या खोलीला पुरेल इतका चहा केला. नंतर जिन्यात एका अनोळखी बाईने तिला विचारलं, टॉवेल कुठे मिळतील? "आणते हं," म्हणून ही गेली आणि खरंच घेऊन आली. वर गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा तेही समजावून सांगितलं. त्या बाईने जाताना हॉस्टेलच्या वहीत या मुलीचं तोंड भरून कौतुक केलं. ही कोण मुलगी, म्हणून हॉस्टेलवाले चक्रावले.

नाताळात मागदाने तिला आपल्या घरी नेलं. खेड्यातलं घर, बाहेर बर्फ, आत मागदाची प्रेमळ आई. इथे तरी जमायला हवं होतं. पण संध्याकाळपर्यंत या बाईसाहेबांनी साऱ्या खानदानाचे बटाटे सोलून ठेवले होते. मागदाची आई इतकी खूश झाली की ही मुलगी आम्हालाच द्या म्हणाली. जित्याची खोड, दुसरं काय!

दर सोमवारी फोन व्हायचा. शनिवार-रविवारी सगुणाला बोलायला सवड कुठली? पाहुण्यांच्या चादरी भिजत घातल्या की ती फोन कानाला लावून पायरीवर बसायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"झालीस का गो पावनी?"

"न्हाय गो आये. बटाटं सोललं."

पलीकडे मोठा उसासा. "माझीच पोर हायस."

आई थट्टेत बोलायची, पण दर वेळी क्षणभर थांबून मगच हसायची, आणि ते थांबणं अमिषाला खुपायचं. बघता बघता शिक्षण संपत आलं. परीक्षा झाल्यावरचा पोर्तुगालचा प्रवास हा शेवटचा होता. तो हुकला तर आईला सांगायला काही उरणार नव्हतं. मग हुझैफाने नियम केला. "या सफरीत तू कुठल्याही कामाला हात लावलास, तर परतीच्या पूर्ण वाटेवर मी गाणार." हुझैफाचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना या धमकीचं वजन कळेल.

नाझारे हे समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. बसमधून उतरल्यावर तिघं वाळूवर गेली आणि अमिषा नि हुझैफा जागच्या जागी थबकली. पुऱ्या किनाऱ्यावर जाळीच्या फळ्या मांडलेल्या, त्यांवर उभी चिरलेली मासळी उन्हात वाळत घातलेली, आणि राखणीला डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. हुझैफाने छाती भरून वास घेतला. "या अल्लाह, मुरुड आलं की गो!" मागदा नाक दाबून दोघांकडे बघत राहिली.

रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून एक आजीबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात 'खोल्या मिळतील' अशी चार भाषांतली पाटी होती. अमिषाचा चेहरा खुलला. नागावच्या फाट्यावरसुद्धा मुंबईच्या गाड्या दिसल्या की पोरं अश्शीच पाट्या हलवतात. या बाईंचं नाव ग्रासा. त्यांनी तिघांना घरी नेलं. दगडी अंगण, अंगणात कपडे धुवायचं टाकं, आणि खोलीत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी. अमिषाने चादरीचा कोपरा बोटांत धरून पाहिला. काम चोख होतं.

पहिला दिवस तिने कसाबसा काढला, हात मांड्यांखाली दाबून. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रासाबाई बाजारात गेल्या, हुझैफा आणि मागदा कॉफी प्यायला. अमिषा एकटी उरली आणि तिच्या हातांनी डाव साधला. तासाभरात तिने अंगण झाडलं, तिन्ही पलंगांवरच्या चादरी काढल्या, टाक्यात धुतल्या, पिळल्या आणि दोरीवर झटकून वाळत घातल्या. शेवटची चादर ताणत असतानाच ग्रासाबाई मासळीची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

अमिषा शाबासकीच्या तयारीत हसली. ग्रासाबाई हसल्या नाहीत. त्यांनी चादरींकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि बोलायला लागल्या. आधी जोरात, मग आवाज फुटायला लागला. एवढ्यात हुझैफा आला. त्याने फोनवर भाषांतर लावलं, वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"त्या विचारतायत, चादरी घाण होत्या का. म्हणतात, मी स्वतः धुऊन इस्त्री करून घातल्या होत्या. माझ्या घरात तुला काय कमी दिसलं?"

अमिषाला नागावचं स्वयंपाकघर आठवलं. एकदा मुंबईच्या एका बाईंनी सगुणाने लख्ख घासून मांडलेली ताटं उचलली, मोरीवर नेऊन पुन्हा धुतली, आणि मगच त्या जेवायला बसल्या. सगुणाने सगळ्यांना वाढलं, सोलकढी पाठवली, आणि मग गॅसपाशी तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. ते अमिषाने दारातून पाहिलं होतं आणि त्या बाईंचा तिला अजून राग होता. आज तिने स्वतःच दुसऱ्या एका सगुणाची ताटं पुन्हा धुतली होती.

"यांना सांग," ती हुझैफाला म्हणाली, "चादरी घाण नव्हत्या. आमच्या घरच्यापेक्षा छान होत्या. माझ्या आईचाही हाच धंदा आहे. मला पाहुणं होता येत नाही, एवढंच."

फोनने ते पोर्तुगीजमध्ये कसं सांगितलं देव जाणे. ग्रासाबाईंनी ते दोनदा ऐकलं. मग खुर्ची ओढून अंगणातल्या उन्हात ठेवली आणि अमिषाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली बसवलं. बोट दाखवून बजावलं, उठायचं नाही. त्याला भाषांतर लागलं नाही.

ती बसली. सुरुवातीला पाय वळवळले, हातांचं काय करावं कळेना. आतून भांड्यांचा आवाज आला की अंग आपोआप उचललं जाई. मग निखाऱ्यावरच्या मासळीचा वास आला. ताट समोर आलं, तशी अमिषाने सवयीने शेपटीचा तुकडा उचलला. ग्रासाबाईंनी तिच्या हातावर हलकीच चापट मारली, शेपूट स्वतःच्या ताटात घेतलं आणि मधला जाड तुकडा तिच्यापुढे सरकवला. अमिषाने पहिला घास घेतला आणि तिला एकदम रडू फुटलं. मागदा घाबरली. "काटा लागला?" अमिषा मान हलवत रडत होती, हसत होती आणि खातही होती. मधली तुकडीच जास्त चवदार लागते, हे सगळं जग तिच्यापासून लपवून बसलं होतं.

तो अख्खा दिवस ती बसून राहिली. ऊन सरकलं तशी ग्रासाबाईंनी तिची खुर्ची सरकवली. आपण काहीच न करता आपलं कुणीतरी करतंय, आणि ते आनंदाने करतंय, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा सोसता आलं. परतीच्या वाटेवर हुझैफा नियमाप्रमाणे गायला. तेही तिने सोसलं.

सोमवारी फोन आला. "झालीस का गो पावनी?"

"झाले, आये."

"कसं वाटलं?"

अमिषाने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "फोनवर न्हाय सांगत. आल्यावर दाखवते."

डिसेंबरच्या सुरुवातीला ती परतली. पाठोपाठ मागदा भारत बघायला आली, आणि हुझैफा मुरुडहून एसटीने त्यांना भेटायला आला. शनिवार-रविवार वाडी गच्च भरली होती. सगुणाने मागदाला इतकं खाऊ घातलं की ती चालताना थांबत थांबत चालायची. सोमवारी गाड्या गेल्या. मोरूभाऊंनी सगुणाला सांगितलं, अलिबागला काम आहे, चांगलं लुगडं नेस. स्कूटरवरून दोघं गेली, काम काही झालं नाही, आणि सगुणा कुरकुरत परत येत असताना फाट्यावर एक उंच पोरगा पुठ्ठ्याची पाटी हलवत आडवा आला.

"रूम! रूम चाहिये? बीच के पास! घर का खाना!"

सगुणाने हुझैफाला ओळखलं आणि स्कूटर पडेपर्यंत हसली. पण ती काही कमी नव्हती. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं तिने एका दमात काढलं. "एसी हाय का? गरम पानी हाय का? मच्छी ताजी हाय ना? मागच्या वेलेला शिली दिलती!"

वाडीच्या फाटकात अमिषा आणि मागदा उभ्या होत्या. सगुणा उतरली आणि सवयीने मागच्या दाराकडे वळली. अमिषाने तिचा हात धरला. "मागून न्हाय, आये. पुढून."

पडवीत ताट मांडलेलं होतं. हुझैफाने आपल्या आईच्या पद्धतीने नारळाच्या रसातलं सुरमईचं कालवण केलं होतं, अमिषाने तांदळाच्या भाकऱ्या. सगुणा पाटावर बसली खरी, पण एक घास घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "कालवनाला मीठ कमी हाय. थांबा, मी बघते."

"आये, बस."

"एक मिनिट गो, मिठाला काय वेल लागतो..."

"आये," अमिषा म्हणाली, "तू उठलीस तं ती ताटं परत धुतल्यासारखं होईल."

सगुणाने वर पाहिलं. कुठली ताटं, हे तिने विचारलं नाही. तिचा गुडघ्यावरचा हात सुटला आणि ती पुन्हा खाली बसली. मागदाने मधली तुकडी तिच्या पानात वाढली. सगुणाने ती मोडून तोंडात घातली. मग मीठ कमी असलेलं कालवण तिने भाकरीने पुसून सगळं खाल्लं.

जेवल्यावर तिला कोपऱ्यावरच्या खोलीत नेलं. त्या खोलीतली फरशी तिने किती वेळा पुसली असेल त्याला गणती नाही, पण आज पलंग मागदाने आणि अमिषाने घातला होता. दार लोटून घेतलं. बाहेर सगळे कान देऊन बसले. आता उठेल, मग उठेल. मोरूभाऊ तर पैज लावायला निघाले होते.

ऊन उतरल्यावर दार उघडलं. सगुणाचे केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी उमटलेली. मागे पलंगावर चादर तशीच चुरगळून पडली होती. तिने ती काढली नव्हती.

"पडून खिडकीतून माड दिसतात," ती म्हणाली. "वारा आला का सगली झापं एका बाजूला जातात आन् मधून आभाल दिसतं. मला ठावच न्हवतं. मी कवा त्या खोलीत आडवी झालेच न्हाय." ती पायरीवर बसली आणि लेकीचा हात हातात घेतला. "म्हनून लोक परत परत येतात व्हय."

अमिषाने विचारलं, "कसं वाटलं?"

सगुणाने डोळे पुसले, पदर नीट केला, आणि जाताना सगळे पाहुणे बोलतात तसं ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "फार छान होतं. परत येऊ."

"कवा?"

"येत्या सोमवारी," सगुणा म्हणाली. "आन् मीठ जरा जास्त घाला."