ओल किती आत गेलीय

रंगाऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण ब्रश बुडवण्याआधी तो गिऱ्हाइकाची शाळा घ्यायचा. मुडपलेल्या बोटाने भिंतीवर टकटक करायचा, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "पोपडे खरवडून भागणार नाही. ओल गिलाव्यात उतरलीय. फोडावं लागेल." कुणी "वरवर मारून द्या हो" म्हटलं की शिडी उचलून चालू पडायचा. अडतीस वर्षं हेच.

आज तो डॉक्टरीणबाईंसमोर बसला होता. महिन्यापूर्वी त्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून त्याच्या जठरातला कॅन्सरचा डाग आतल्या आत सोलून काढला होता. चिरा नाही, टाका नाही. आता त्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता.

"कडा स्वच्छ आहेत," बाई म्हणाल्या, "पण खोली जास्त निघाली. डाग अस्तरातच असता तर इथेच थांबलो असतो. हा खालच्या थरात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त उतरलाय. तिथल्या बारीक वाहिन्यांतून शेजारच्या गाठींत गेला असू शकतो."

"असू शकतो, की गेलाय?"

"शंभरातल्या पंधरा-वीस जणांत गेलेला असतो. स्कॅनवर दिसेलच असं नाही. ऑपरेशन करून जठराचा काही भाग आणि गाठी काढल्या तरच कळतं. नाहीतर धोका पत्करून तपासत राहायचं. तुमची तब्येत बघता मी ऑपरेशन सुचवेन. पण ठरवायचं तुम्ही."

"म्हणजे ऐंशी जण सुटतात." मास्तर उठला. "मी ऐंशीतला."

बरोबर आलेली बायको बाईंशी दोन शब्द बोलून मागोमाग निघाली. घरी पोचताच तो चपलांसकट खाटेवर आडवा झाला.

"थकलो गं. आता कापाकापी, पुन्हा चिमणीसारखं खायचं. डाग निघालाय ना? पुरे झालं."

ती मागच्या खोलीत गेली. कपाट सरकल्याचा आवाज आला.

"अहो मास्तर, या जरा. गिऱ्हाईक बोलावतंय."

कपाटामागे रंग फुगून फुटला होता. पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पिवळा. तिन्ही हात त्याचेच. दर वेळी दमून आल्यावर "मारतो वरवर" म्हणत दिलेले, आणि मग कपाट पुढे ओढलेलं.

सवयीने त्याचं बोट भिंतीवर गेलं. टकटक. आवाज पोकळ आला.

"काय म्हणतेय?"

"तुला माहितीय."

"मला काय कळतंय त्यातलं? मास्तर तुम्ही."

तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. पोपडे खांद्यावर पडले, ते त्याने झटकले नाहीत. मग म्हणाला, "बाईंनी तारीख दिली होती का?"

"बुधवार राखून ठेवलाय. नको असेल तर तुम्हीच फोन करा."

"राहू दे बुधवार." त्याने डोळे मिटले. "आणि ही भिंत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आल्यावर मी फोडणार."

"फोडायला माणूस बोलावते. तुम्ही खुर्चीत बसून त्याची शाळा घ्या."