पूर्ण नाव

सोमवारी माझी मोठी बहीण शांताताई गेली. आज तिच्या कपाटात चेहऱ्याला लावायच्या रंगाची जुनी डबी सापडली. त्या तेलकट वासाने मला बालाघाटच्या गणपतीतल्या मंचावर नेलं.

“नाटक, ‘टांगा आला नाही’,” मी माइकवर सांगत होते. ताईने बाबांपासून लपवून काम घेतलं होतं आणि बाबा पहिल्याच रांगेत होते.

“सुनेच्या भूमिकेत... शांता.” बाबांचं नाव आणि आडनाव मी गिळलं.

बाबा उठले. आता ते ताईला ओढून नेणार, असं मला वाटलं.

“अर्धं नाव काहून घेतलं वं? बापाचं नाव सांग तिच्या!”

मी पूर्ण नाव सांगितलं. पडदा उघडेपर्यंत ते उभेच होते.

आता बाबा नाहीत, ताईही नाही. त्या नाटकात कोण होतं, हे सांगायला मी उरले आहे.