मच्छरदानीच्या बाहेर

घरात मच्छरदानी एकच. लेक सातव्या महिन्यात माहेरी आली, तेव्हा ती तिच्याच खाटेला बांधली. दोन आठवड्यांनी मुलाला ताप भरला. मालेगावला रक्त तपासलं, डेंगू निघाला. तो आठवडाभर मच्छरदानीशिवायच निजून होता.

तापातही बहिणीला म्हणायचा, "पाय कशी राणीवाणी बसून राह्यली!"

ती आतून म्हणायची, "तुले तं झालाच हाये. आता मच्छरच तुले भेईन."

आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे असंच आहे, पोटुशी बाई आधी जपायची. ज्याला झालं, त्याला आता मच्छर आणखी काय करणार?

दवाखान्याच्या आशाताई रांजणात अळ्या आहेत का बघायला आल्या तोवर मुलगा उठून भाकरी खाऊ लागला होता. खाटेकडे बघून त्या थांबल्या.

"उलटं केलं तुमी. मच्छरदानी याले पाह्यजे होती."

"काहून?" मी हळूच विचारलं.

"याचं रक्त मच्छराच्या पोटात गेलं. तिथं आतड्यात रोग आधी घर करते, वाढते, मंग अंगभर पसरते. थुंकीपर्यंत आला का ते मच्छर दुसऱ्याले देते. आठ-दहा दिस लागते त्याले."

"अन् मच्छराले ताप?"

"त्याले काईच होत नाई, बाई. मरेपर्यंत रोग घेऊन उडते."

त्यांनी रांजण उपडा केला, घासायला लावला. अळ्या मातीत वळवळल्या आणि सुकल्या. पण जे मच्छर माझ्या मुलाचं रक्त प्यायले होते, ते तर केव्हाच उडालेले.

मुलगा कामाला जाऊ लागला. शेजारणी म्हणाल्या, सुटलात. मी मात्र भिंती बघत राहिले. विरजण लावलेलं दूध वरून दूधच दिसतं, तसा तो मच्छर. टांगलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली, पायांवर पांढरे पट्टे घेऊन गप्प बसलेला. आत काय चाललं आहे ते दिसत नाही. दिसेल तो मारला. सगळे थोडेच दिसतात?

लेकीला दिवसाही मच्छरदानीत बस म्हटलं. "जीव घुसमटते वं आई," म्हणून ती दारात बसून तूर निवडायची. मी शेजारी बसून पदराने तिच्या पायांवर वारा घालायचे.

आज दुपारी पत्रा तापला होता. मला घाम येत होता. तिने सूप बाजूला ठेवलं.

"आई, गोधडी दे वं. थंडी वाजून राह्यली."

मी गोधडी दिली. तिला खाटेवर निजवलं, मग मच्छरदानीच्या कडा गादीखाली खोचल्या, चारही बाजूंनी. आता ती आत हवी. तिच्यासाठी नाही, बाहेरच्यांसाठी.