निळ्या टोपणाची बाटली

गोजरा आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, असं मी शेजारणींना सांगत असे. त्यात खोटं काही नव्हतं. तिला कामावर का ठेवली, ते मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

मी वाशीच्या एका दवाखान्यात नर्स होते. गोजरा मंगळवेढ्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. तिथे बाईची मजुरी बाईच्याच हातात पडायची, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, सितारामबरोबर, वाशीत इमारतींच्या कामावर आली. इथे ठेकेदार सुटं माणूस घेतच नसे. नवरा-बायको मिळून एक 'जोडी'. हजेरीच्या वहीत नाव नवऱ्याचं, पगारही नवऱ्याच्या हातात. त्याने विटा रचायच्या, तिने डोक्यावरून पाट्या चढवायच्या. "दिसभर जिना म्या चढते, आन् वहीत म्या न्हाईच," असं ती हसत म्हणायची.

एक्याऐंशी साली डोळ्यांची साथ आली. देशोदेशी फिरून आलेली ती साथ, वाशीला कशी सोडेल? फ्लॅटमधले लोक काळे चष्मे लावून, रजा टाकून घरी बसले. मजुरांना रजा कुठली? दोघांतलं एक बसलं की जोडी मोडली, दुसऱ्याचंही काम गेलं. म्हणून बायका डोळ्यांना पदर लावत पाट्या वाहत होत्या.

दवाखान्याने मला खोकंभर थेंबांच्या बाटल्या देऊन त्यांच्या बांधकामावर पाठवलं. निळ्या टोपणाच्या, बोटाएवढ्या. "जपून वापरा," मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मुकादमाकडून हजेरीची वही घेतली आणि एकेक नाव पुकारत सुटले. रांगेत नुसते पुरुष उभे राहिले, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काम कसं झटपट उरकलं, म्हणून मी स्वतःवरच खूश.

सगळं आवरत आलं तेव्हा गोजरा पुढे आली. डोळे सुजून नुसत्या फटी राहिल्या होत्या.

"बाई, मला येगळी द्या. ती बाटली ह्येंच्यापाशी ऱ्हाती. ह्ये वर, म्या जिन्यात."

"एका जोडीला एकच. दोघं मिळून वापरा," मी म्हटलं. एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्याला लावू नये, हे मी शिकलेली बाई! पण वहीप्रमाणे तिची बाटली देऊन झाली होती.

"बरं," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

माझ्या पायाशी खोक्यात अकरा बाटल्या शिल्लक होत्या. नऊ मी परत केल्या. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "काटकसर शिकावी ती सुचित्राबाईंकडून." उरलेल्या दोन माझ्या पर्समधून घरी आल्या. आमच्या लेकीसाठी, स्मितासाठी. स्मिताचे डोळे आलेले नव्हते; आले तर असाव्यात म्हणून.

तीन आठवड्यांनी गोजरा दवाखान्यात आली ती डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडूनच. सिमेंटच्या हाताने चोळचोळून तिने तो पार नासवला होता. सिताराम खाली मान घालून उभा होता. "मुकादम म्हनला, गवंड्याचं डोळं आधी, न्हाईतर भित वाकडी जाईल. ही बी म्हनली, तुमीच घाला." डॉक्टरांनी बघितलं आणि उशीर झाला म्हणून सांगितलं. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. ते जास्त जाचलं.

एका डोळ्याची बाई ठेकेदाराला जिन्यावर नको होती. सिताराम वाईट माणूस नव्हता, पण जोडी लागतेच. गावाहून आपल्या बहिणीला आणून तो उरणच्या कामावर गेला. मी गोजराला घरी बोलावलं. पगार तिच्याच हातात द्यायचे, इतरांपेक्षा थोडा जास्तच, आणि दर महिन्याला मला थोडं बरं वाटायचं. तसं वाटतं याची आता लाज वाटते.

पुढच्या दिवाळीला कपाट आवरताना तिने वरचा कप्पा रिकामा केला. जुन्या गोळ्या, मलमं, आणि त्या दोन बाटल्या. त्या तिथे आहेत हे मला ठाऊक होतं. टाकायला हात होत नव्हता, आणि तिच्याआधी तो कप्पा आपण आवरावा एवढंही मला सुचलं नाही.

तिने एक बाटली उचलून उजव्या डोळ्याजवळ धरली. निळं टोपण फिरवून पाहिलं. फिरेना.

"बाई, ही तर आमच्या त्या येळची."

"हो."

"फोडलीच न्हाई?"

"स्मितासाठी आणली होती. तिचे डोळे आलेच नाहीत."

मला वाटलं, आता गोजरा बोलेल. बोलावं, चार शब्द सुनवावेत, असं मला मनापासून वाटत होतं. तिने पदराने दोन्ही बाटल्या पुसल्या.

"बरं झालं, पोरीचं डोळं ऱ्हायलं," ती म्हणाली. "ह्या ठिवू का टाकू?"