बाजाराच्या दिवशी वाचलेली यादी

नाना गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या हातात एका चार महिन्यांच्या बाळाची मांडी होती. लसीकरणाचा दिवस, नशिराबादचा दवाखाना बायकांनी भरलेला. रांगेतल्या एका आजीबाईंचं माहेर आमच्या गावचं. त्या सहज म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या शाळेतले नाना गेले परवा. ठाऊक नही तुम्हाले?" मी सुई टोचली, बाळ रडलं, मी कापूस दाबून धरला. रांगेतल्या उरलेल्या सगळ्या पोरांना लस दिली आणि मगच खोलीवर येऊन रडले.

नाना म्हणजे यावलजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कूलचे लेखनिक. शोकसभेत कोणीतरी त्यांना 'ज्ञानमहर्षी' करून टाकलं. नाना समोर असते तर उठून चालते झाले असते. साधे कारकून होते ते. पण आयटीआय, डीएड, नर्सिंग, पोलीस भरती, कुठला फॉर्म कधी निघतो आणि त्याला कोणता दाखला लागतो, हे त्यांना तोंडपाठ. मंगळवारी गावचा बाजार. शेतातले आईबाप त्या दिवशी हमखास गावात सापडतात, म्हणून नानांनी त्याच दिवशी केळीच्या सोसायटीच्या शेडमध्ये मेळावा सुरू केला. सतरंजीवर पोरं आणि शेजारी त्यांचे आईबाप. पोरानं फॉर्म बापाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. कधी नाना स्वतः साहेब होऊन मुलाखत घ्यायचे. पोरगं अडखळलं की बापच मध्ये उत्तर ठोकून द्यायचा, आणि शेडभर हशा. कोणाची निवड झाली की मांडववाल्याच्या लाउडस्पीकरवरून ती जाहीर व्हायची, तीही बापाचं नाव आधी घेऊन. "भर बाजारात बापाचं नाव निघालं की बाप पोराच्या मागं उभा राहतो," असं नाना म्हणायचे. बहुतेक वेळा ते खरं ठरायचं.

बारा वर्षांपूर्वी नर्सिंगची यादी आली. तीत माझं नाव होतं आणि कुसुमचं. कुसुम माझ्या बाकावरची, माझ्यापेक्षा हुशार. तिच्या वडिलांना सगळे आबा म्हणायचे. पोरीनं शहरात राहून परक्या पुरुषांची सेवा करावी, हे त्यांना काही केल्या रुचलं नसतं. म्हणून तिनं आईचा अंगठा घेऊन गुपचूप फॉर्म भरला होता. वेळ बघून घरी सांगणार होती. हे फक्त मला ठाऊक होतं. त्या मंगळवारी ती कापूस वेचायला गेलेली. नानांनी यादी हातात घेतली आणि मला विचारलं, "कुसुमच्या घरी ठाऊक आहे ना गं?"

मी हो म्हटलं.

नाही म्हटलं असतं तर नाना आधी आबांना जाऊन भेटले असते आणि यादी पुढच्या बाजारावर गेली असती. अर्धी यादी ते कधी वाचत नसत. इकडे माझे वडील पिशव्या भरून निघायच्या बेतात होते. त्यांनी माझं नाव स्पीकरवर ऐकावं, आजच ऐकावं, एवढीच माझी हाव. सतरा वर्षांची होते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

नानांनी दोन्ही नावं वाचली. आबा तेव्हा चहाच्या गाडीवर होते. कोणीतरी म्हणालं, "काय आबा, पोरीले नर्स करू राह्यले अन् आम्हाले सांगतलंबी नही?" लोक हसले. आबांनी कप ठेवला आणि सरळ शेडमध्ये आले. स्पीकर चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या बाजारानं ऐकलं.

"माह्या पोरीचं नाव मले न इचारता कोन्ही घातलं?"

नानांनी हात जोडले. "आबा, माझं चुकलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि त्याच वेळी माझे वडील गर्दीतून वाट काढत येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत होते...

महिन्याच्या आत कुसुमचं लग्न लावून तिला धुळ्याकडच्या एका खेड्यात दिली. मी ट्रेनिंगला गेले. दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली. रक्त थांबलं नाही, बैलगाडी दवाखान्यापर्यंत पोचली नाही. ते रक्त कसं थांबवायचं, हे तोवर मी शिकले होते.

नानांनी स्पीकर कायमचा बंद केला. मेळावा चालू ठेवला, पण फॉर्म देण्याआधी ते प्रत्येक पोराच्या घरी जाऊन आईबापांपाशी बसू लागले. शोकसभेत या घरोघर जाण्याचं फार कौतुक झालं. ते कधीपासून सुरू झालं, हे कोणी बोललं नाही. मीही पुढच्याच रांगेत गप्प बसले होते. इतक्या वर्षांत नानांनी तो विषय माझ्याजवळ एकदाही काढला नव्हता. आपण कोणाला विचारलं होतं हे ते विसरले असतील, असं मी धरून चालले होते. मला ते सोयीचं होतं.

गेल्या आठवड्यात मी आबांकडे गेले. आता थकलेत, ओट्यावरच बसून असतात. म्हटलं, "आबा, नानांचा दोष नव्हता. त्यांनी मला विचारलं होतं. मी खोटं बोलले."

ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "त्या बाजारानंतर तीनदा आला व्हता तो मानूस माह्या दारात, माफी मांगाले. मी तिन्ही बार इचारलं, घरी ठाऊक हाये असं तुले सांगतलं कोन्ही? तिन्ही बार म्हने, माह्यंच चुकलं."

आबा पुन्हा बोलले, आवाज न चढवता.

"तवा त्यानं तुह्यं नाव घेतलं असतं, तं तुह्या बापानं तुले जाऊ देलं असतं का?"

नसतं दिलं. पोरीपायी भर बाजारात कोणाचं बोलणं ऐकून घेणारे माझे वडीलही नव्हते. त्यांनी मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.