साक्रीचा पत्ता

थंडीत शेजारी कुणी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायला घेतली, की मला थायलंड आठवतं.

समुद्रकिनारे आणि सहलीची बस टाळून मी आईला उत्तरेकडच्या एका डोंगरी खेड्यात नेलं होतं. तिथल्या पाट्यांवरचं एकही अक्षर कळत नव्हतं. अचानक आई थबकली. एक म्हातारी निखाऱ्यांवर भाजलेली वांगी आणि मिरच्या खलात कुटत होती. आई सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली.

"सरक व माय, मी कुटस."

म्हातारी हसून सरकली. "काडी कसानी शे वं?" आईने चुलीकडे बोट करून विचारलं. म्हातारीने बांबूचं कांडकं पुढे केलं. आईने ते हुंगूनसुद्धा पाहिलं.

निघताना आईने तिला धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्रीचा पत्ता सांगितला. "हिवायामा ये. धुयाथीन साक्रीनी गाडी धर, स्टँडवर कोनले बी इचार." म्हातारी मान डोलवत राहिली आणि मला हसू आवरेना.

आता दर हिवाळ्यात आई तिची वाट पाहत विचारते, "ती बाई उनी नही का रे आजून?" मी मोबाइलवर नकाशा उघडतो, पण त्या खेड्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. ती निघाली, तर मात्र थेट आमच्या दारात येईल.