पुढच्या पानावरचा विनोद

शिक्षक मित्रहो, मंडळाच्या फलकावर हे आजच लावतो. उद्या धीर होणार नाही.

सकाळी बंगळूरच्या आमच्या कॉलेजात मी मुलांना टिपणं काढायला शिकवत होतो. "शब्दन् शब्द उतरवू नका. ऐका, मग स्वतःच्या भाषेत लिहा." एवढं सांगून मी माझ्या कागदांवरून व्याख्यान वाचू लागलो.

सरोजा लिहीतच नव्हती.

"राणीसाहेब, शाई संपली?"

ती उठली. "नाही, सर. माझ्या थोरल्या अण्णानं तुमच्याच वर्गात हे सगळं उतरवलंय. मला पाठ आहे. आता छत्रीचा विनोद येईल."

वर्ग हसला. मी पान उलटलं. विनोद तिथेच होता.

मुलं थांबली होती. मला स्वतःचं एक वाक्य सुचेना.

तुमच्यापैकी कुणी कागद घरी ठेवून वर्गात गेलंय का? सुरुवात कशी केलीत?